पुण्यातील अल्पपरिचित संग्रहालये व उद्याने

पुण्यातील अल्पपरिचित संग्रहालये व उद्याने या लेखात महाराष्ट्रातील पुणे शहरातील संशोधनसंस्थांची व खाजगी प्रयत्नांतून उभी राहिलेली संग्रहालये, जुनी उद्याने आणि निसर्गस्थळे यांची माहिती दिली आहे. शनिवारवाडा, सिंहगड, पर्वती व दगडूशेठ हलवाई गणपती ही शहराची सर्वपरिचित ठिकाणे होत. त्यांच्या तुलनेत या स्थळांकडे, तसेच काही प्रसिद्ध स्थळांतील दुर्लक्षित भागांकडे, कमी पर्यटक वळतात. यांपैकी काही स्थळांचा संबंध जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांशी येतो. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे सापडलेले सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष पुण्यातील डेक्कन कॉलेजात जतन केलेले आहेत.

## पार्श्वभूमी

पुण्यातील संग्रहांचा उगम प्रामुख्याने तीन प्रवाहांत आढळतो. पहिला प्रवाह संशोधनसंस्थांचा आहे. इतिहास, प्राच्यविद्या व पुरातत्त्व या विषयांत काम करणाऱ्या संस्थांनी अभ्यासासाठी गोळा केलेली साधने हळूहळू संग्रहालयांच्या रूपाने मांडली गेली. दुसरा प्रवाह व्यक्तिगत छंदाचा आहे. एखाद्या व्यक्तीने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू पुढे सार्वजनिक झाल्या. तिसरा प्रवाह राजवटींचा असून पेशव्यांचे तलाव व बागा, तसेच ब्रिटिश काळातील लष्करी छावणीतील उद्याने त्यातून आली.

या तीनही प्रकारच्या स्थळांत वस्तूंची संख्या मोठी व मांडणीची जागा अपुरी असते. त्यामुळे दालनात दिसणारा भाग हा एकूण संग्रहाचा लहानसा अंश असतो.

## संग्रहालये

### डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय

येरवडा येथील डेक्कन कॉलेजची परंपरा १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून मानली जाते. येरवड्याच्या सध्याच्या आवारात महाविद्यालय १८६८ मध्ये आले. या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांची देणगी मिळाली होती. बाळ गंगाधर टिळक हे येथील विद्यार्थी होते. १९३४ साली बंद पडलेले महाविद्यालय १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांनी सातारा येथे उभारलेला संग्रहही त्याच सुमारास येथे आणण्यात आला आणि त्यातून मराठा इतिहासाचे संग्रहालय तयार झाले.

पुरातत्त्व संग्रहालयात अश्मयुगीन हत्यारांपासून ऐतिहासिक काळातील मूर्तींपर्यंतचे अवशेष आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा होय.

इनामगावचे अवशेष

इनामगाव हे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेले गाव आहे. तेथे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. एकाच ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे इतक्या मोठ्या प्रमाणावर व इतकी वर्षे चाललेले उत्खनन भारतात विरळ आहे. वसाहतीचा काळ इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० असा असून त्याचे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तीन टप्पे पाडले जातात. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील याच नावाच्या गावावरून आले आहे. तेथे ही मृद्भांडी प्रथम ओळखली गेली. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, तोटी असलेली भांडी आणि चांगल्या भाजणीमुळे येणारा खणखणीत आवाज ही जोर्वे मृद्भांड्यांची वैशिष्ट्ये आहेत.

उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. घरांत चुली, धान्य साठवण्याचे बळद व कणगी यांच्या खुणा होत्या. जळालेल्या धान्यकणांवरून जव हे मुख्य पीक असल्याचे, तसेच गहू, मसूर व वाटाणा यांचे उत्पादन होत असल्याचे स्पष्ट झाले. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध व चर हा या वसाहतीतील विशेष उल्लेखनीय शोध आहे. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाणी साठवण्याची व वळवण्याची गरज किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

इनामगावच्या रहिवाशांनी मृतांचे दफन घरातच, जमिनीखाली केले. बालकांच्या दफनासाठी दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवले जात. प्रौढांना बहुधा उत्तरेकडे डोके करून उताणे पुरले जाई व त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा त्याचा आत्मा भटकू नये, अशी भावना या प्रथेमागे असावी, असे अभ्यासक मानतात. कुंभांबरोबर लहान वाडगे व पाण्याची भांडीही ठेवलेली आढळतात.

या प्रथेला एक ठळक अपवाद मिळाला. वसाहतीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पाय असलेल्या मोठ्या रांजणासारख्या मातीच्या पात्रात एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत सापडला. त्याची पावले शाबूत होती. घर मोठे होते व त्याला लागून धान्याचे कोठार होते. त्यावरून ही व्यक्ती वसाहतीची प्रमुख असावी, असा तर्क उत्खननकर्त्यांनी मांडला. शालेय पाठ्यपुस्तकांत इनामगावचा उल्लेख येतो, तो मुख्यतः याच शोधाच्या संदर्भात.

पूर्व जोर्वे काळातील एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची लांबट पेटी मिळाली. तिच्यात मातीची शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती. पेटीच्या झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल ठेवलेला होता. मूर्तीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला भोके असून काडीच्या साहाय्याने मूर्ती बैलावर बसवता येत असे. ही घरगुती पूजेतील मातृदेवता असावी, असे मानले जाते.

उत्तर जोर्वे काळात चित्र बदलले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मृद्भांड्यांची गुणवत्ता घसरली आणि शेतीऐवजी पशुपालन व शिकारीवरील अवलंबन वाढले. हवामान अधिक शुष्क होत गेल्याने ही वसाहत खालावली व इ.स.पू. सुमारे ७०० मध्ये ओस पडली, असा निष्कर्ष ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

संस्कृत कोशाचे चिठ्ठीघर

याच आवारात ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत महाकोशाचे काम चालते. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. वेदांपासून पुढील सुमारे दीड हजार ग्रंथांतील शब्दांचे संदर्भ हाताने कागदी चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात असून त्या धातूच्या खणांमध्ये वर्णानुक्रमाने ठेवल्या आहेत. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला.

### राजा दिनकर केळकर संग्रहालय

शुक्रवार पेठेतील हे संग्रहालय शहराच्या माहितीपत्रकांत ठळकपणे आढळते, मात्र त्याच्या नावातील ‘राजा’ हा शब्द अनेकदा पदवी समजला जातो. संस्थापक दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या बालवयात निधन पावलेल्या मुलाचे ते नाव आहे. मुलाची स्मृती म्हणून केळकरांनी आपला संग्रह त्याच्या नावे केला.

केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. वाडे मोडत होते, पितळी भांडी मोडीत जात होती आणि दारे-खिडक्या जळणात जात होत्या. अशा काळात त्यांनी गावोगाव फिरून या वस्तू मिळवल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा या कामात मोठा सहभाग होता. संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द करण्यात आला. केळकरांना १९८० मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार प्रदर्शित केल्या जातात. राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा रोजच्या वापरातील वस्तूंवर असलेला भर हे या संग्रहाचे वेगळेपण आहे. अडकित्ते, दिवे व समया, कलमदाने, दौती, पानदाने, कुंकवाच्या डब्या, कुलुपे, शेवयांचे पाट, कोरीव दरवाजे व वाद्ये असे त्यांचे वर्गीकरण आहे. पाय घासण्याची वज्री ही अगदी साधी वस्तू, पण तिच्यावर मोर, हत्ती किंवा स्वार यांच्या आकृती बसवलेल्या दिसतात. या वस्तूंचे कारागीर बहुतांशी अज्ञात आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे लाकडी भाग आणून त्यांची येथे पुनर्रचना करण्यात आली आहे.

### आदिवासी सांस्कृतिक संग्रहालय

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची स्थापना १९६२ मध्ये झाली. क्वीन्स गार्डन परिसरातील तिच्या आवारात हे संग्रहालय आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, भिल्ल, कोरकू, गोंड व माडिया इत्यादी जमातींची अवजारे, दागिने, वाद्ये, मासेमारीची साधने व देवतांच्या प्रतिमा येथे पाहावयास मिळतात. बोहाडा या नृत्यनाट्यात वापरले जाणारे मुखवटे व वारली चित्रे हे संग्रहाचे लक्षणीय भाग आहेत. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजांची वस्ती असल्याने जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या संग्रहाला विशेष महत्त्व आहे.

### भारत इतिहास संशोधक मंडळ व भांडारकर संस्था

वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सदाशिव पेठेतील मंडळाच्या वास्तूत मोडी, फार्सी व इतर लिप्यांतील लाखो कागदपत्रे, हस्तलिखिते, नाणी, ताम्रपट व चित्रे आहेत. मोडी लिपी वाचणारे कमी होत गेल्याने यांतील बराच भाग अद्याप अभ्यासकांची वाट पाहत आहे. मंडळातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात.

रा. गो. भांडारकर यांच्या नावाने १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. हे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा समावेश २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटलात करण्यात आला. ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर झालेल्या हल्ल्यात ग्रंथ व वस्तूंची हानी झाली.

### राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या आवारात आज भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था आहे. जवळच, विधी महाविद्यालय रस्त्यावर, १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याच्या उभारणीत प. कृ. नायर (१९३३–२०१६) यांचा वाटा सर्वांत मोठा होता. चित्रफितींबरोबरच भित्तिपत्रके, गीतपुस्तिका, छायाचित्रे व ध्वनिमुद्रिका येथे जतन केल्या जातात.

जुन्या चित्रफिती नायट्रेट प्रकारच्या असत. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असून एकदा पेटल्यावर विझवणे कठीण असते. जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत येथील नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. भारतात निर्माण झालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध असल्याने ही हानी भरून न येणारी ठरली.

### जोशी लघुरेल्वे संग्रहालय

कोथरूड येथील हे खाजगी संग्रहालय भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिले व १९९८ मध्ये जनतेसाठी खुले झाले. मोठ्या टेबलावर मांडलेल्या नगरात वाफेच्या इंजिनापासून आधुनिक गाड्यांपर्यंतच्या प्रतिकृती सिग्नल, फाटके व उड्डाणपूल यांसह चालवून दाखवल्या जातात.

## स्मारके

नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस १८९२ मध्ये तिसरे आगाखान यांनी बांधला. दुष्काळात लोकांना रोजगार मिळावा, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये महात्मा गांधींना येथे स्थानबद्ध करण्यात आले व ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे स्थानबद्धतेच्या पहिल्याच आठवड्यात, येथे निधन झाले. कस्तुरबा गांधी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच वारल्या. दोघांच्या समाध्या मुख्य इमारतीच्या मागील बाजूस आहेत. पुढील दालनांतील छायाचित्रे पाहून परतणाऱ्या अनेक पर्यटकांकडून हा शांत भाग पाहावयाचा राहतो. चौथे आगाखान यांनी १९६९ मध्ये ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली.

शिवाजीनगर येथील पाताळेश्वर हे आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकात कोरलेले शैलमंदिर आहे. त्याचा वर्तुळाकार नंदीमंडप दुर्मीळ मानला जातो. मंदिराचे खोदकाम अपूर्ण राहिलेले असून काही ठिकाणी ते स्पष्ट दिसते. वानवडी येथील शिंदे छत्री हे १७९४ मध्ये निधन पावलेल्या महादजी शिंदे यांचे स्मारक आहे.

## उद्याने व निसर्गस्थळे

### एम्प्रेस उद्यान

रेसकोर्सजवळील सुमारे ३९ एकरांचे हे उद्यान पूर्वी सैनिकांची बाग म्हणून ओळखले जाई. राणी व्हिक्टोरियाने ‘भारताची सम्राज्ञी’ हा किताब धारण केल्यानंतर त्यास सध्याचे नाव मिळाले. त्याची व्यवस्था ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था पाहते. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास येथे भरणारे पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. इतर दिवशी उद्यानातील जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या अजस्र काष्ठवेली निवांतपणे पाहता येतात.

### सारसबाग व पेशवे उद्यान

पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास तलाव बांधला. त्यातील बेटावर गणपतीची स्थापना झाली. आता तलाव उरलेला नाही, परंतु ‘तळ्यातला गणपती’ हे नाव टिकून आहे. शेजारच्या पेशवे उद्यानात १९५३ पासून प्राणिसंग्रहालय होते. जागा अपुरी पडू लागल्याने ते १९९९ मध्ये कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आले. मुलांसाठी १९५६ मध्ये सुरू झालेली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी हे या उद्यानाचे जुने आकर्षण होय. बालकवींच्या कवितेवरून तिला हे नाव देण्यात आले.

### पु. ल. देशपांडे उद्यान

सिंहगड रस्त्यावरील हे उद्यान जपानमधील ओकायामा येथील सुमारे ३०० वर्षे जुन्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे. त्यामुळे ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान या नावानेही ओळखले जाते. हिरवळीचे चढउतार, दगडी पायवाटा, लहान पूल व वाहते पाणी ही त्याच्या रचनेची मुख्य अंगे आहेत. उद्यानाजवळून खडकवासला धरणाचा मुठा उजवा कालवा वाहतो. हाच कालवा पुढे पूर्वेकडे हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीला पाणी पुरवतो.

### वेताळ टेकडी व कवडीपाट

वेताळ टेकडी हा शहरातील सर्वांत उंच भाग असून तो समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी, गवताळ माळ व पानझडी झाडी यांमुळे येथे पक्ष्यांची विविधता आढळते. टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्यांना नागरिकांच्या गटांनी विरोध केला आहे.

सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठा नदीवर कवडीपाट हे ठिकाण आहे. हिवाळ्यात येथे चक्रवाकासारखे स्थलांतरित पक्षी येतात. शहरातून येणारे सांडपाणी व प्लास्टिक कचरा यांमुळे नदीचे प्रदूषण ही येथील गंभीर समस्या आहे.

## पूर्व तालुक्यांशी संबंध व दळणवळण

पुणे-दौंड लोहमार्गाने ही स्थळे जिल्ह्याच्या पूर्व भागाशी जोडलेली आहेत. हा मार्ग १८५८ मध्ये, पुणे–दिकसाळ टप्प्याच्या रूपाने, सुरू झाला. दौंड तालुक्यातील यवत, खुटबाव, केडगाव व पाटस ही या मार्गावरील स्थानके आहेत. लहान स्थानकांवर सवारी गाड्या थांबतात. खुटबाव परिसरातील प्रवाशाला पुणे स्थानकावर उतरून क्वीन्स गार्डन व एम्प्रेस उद्यान जवळ पडतात. येरवड्यातील डेक्कन कॉलेज व आगाखान पॅलेस नदीच्या पलीकडे आहेत.

खुटबावच्या जवळच काही महत्त्वाची स्थळे आहेत. केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मुक्ती सदन उभारले. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली तेथे राहिल्या. संस्थेच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तेथेच छापला गेला. त्यांचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात झाले. यवतजवळील डोंगरावर, पुरंदर तालुक्याच्या हद्दीत, यादवकालीन भुलेश्वर मंदिर आहे. त्यातील स्त्रीरूपी गणेशाचे, म्हणजे वैनायकीचे, शिल्प अभ्यासकांच्या विशेष आवडीचा विषय आहे.

इनामगाव येथील उत्खननस्थळी आज पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. उत्खननानंतर खड्डे बुजवणे ही पुरातत्त्वशास्त्रातील नेहमीची पद्धत असून वस्तू अभ्यासासाठी संस्थेकडे जातात. त्यामुळे घोड नदीच्या काठच्या या प्राचीन रहिवाशांची ओळख करून घेण्यासाठी शिरूर व दौंड भागातील विद्यार्थ्यांना पुण्यातील संग्रहालयाचाच आधार घ्यावा लागतो.

## जतनाचे प्रश्न

या स्थळांसमोरील अडचणी बहुतांशी समान आहेत. दमट पावसाळा व कोरडा उन्हाळा यांमुळे कागद, लाकूड व कापड यांची झीज होते. त्यांवर कसर व वाळवीचाही प्रादुर्भाव होतो. जागेच्या अभावी बराच संग्रह बंद कपाटांत राहतो. संशोधनसंस्थांची दालने मुख्यतः अभ्यासकांसाठी असल्याने काही ठिकाणी भेटीपूर्वी परवानगी घ्यावी लागते. अलीकडील काळात हस्तलिखिते, कागदपत्रे व चित्रफिती यांच्या डिजिटल प्रती तयार करण्यावर भर दिला जात आहे. तथापि, मातीचा कुंभ किंवा लाकडी दरवाजा यांसारख्या वस्तूंना अशी प्रत पर्याय ठरू शकत नाही. त्यांचे जतन मूळ रूपातच करावे लागते.

## हे सुद्धा पहा

- इनामगाव
- जोर्वे संस्कृती
- डेक्कन कॉलेज
- दिनकर गंगाधर केळकर
- भुलेश्वर मंदिर
- खुटबाव